माटुंग्याचं डिपार्टमेंट

बरेच दिवस इकडे फिरकलो नाही. मध्ये उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, हे एक निमित्त. पुण्याच्या भाचीचा फोन आला, "मामा, लिहिणं बंद केलंत की काय?" बंद नाही केलं. एक गोष्ट लिहायची होती आणि ती लिहायला धीर होत नव्हता, हे खरं कारण. आज लिहून टाकतो.

गेल्या वर्षी श्रावणात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून अख्खी नोकरी केली, आता निवृत्तीला आलेला. बरोबर धाकटी मुलगी. बारावी झालेली, डोळ्यांत चमक असलेली पोरगी. चहा झाला, आमच्या सौ.नी चिवडा पुढे केला, मग तो म्हणाला, "गुरुजी, हिला पुण्यात एका खाजगी कॉलेजात कॉम्प्युटरला जागा मिळतीय. आणि इकडं जालन्याला आयसीटीत नंबर लागलाय, केमिकलला. पोरगी जालना म्हणायलीय. आमच्या घरात सगळे पुणे म्हणायलेत. तुम्ही सांगा."

आयसीटी हा शब्द ऐकला आणि माझ्या हातातली बशी थोडी हलली. तिला किंवा सौ.ला ते दिसलं नसावं. त्याला मात्र दिसलं असणार.

कारण हाच प्रश्न, याच घरातून, मला १९८४ साली विचारला गेला होता. त्या वेळी बारावी झालेला मुलगा हा होता.

त्याचा चुलता मुंबईत गिरणीत कामाला होता, रंगखात्यात. दत्ता सामंतांचा संप १९८२ च्या जानेवारीत सुरू झाला आणि तो चुलता इतर हजारो जणांसारखा गावी येऊन बसला. पण येताना पुतण्याच्या डोक्यात एक किडा सोडून गेला. गिरणीत रंगाचं प्रमाण ठरवणारे, कापडाचा तुकडा उजेडात धरून नुसत्या नजरेने चूक सांगणारे जे साहेब असत, ते म्हणे माटुंग्याच्या एका 'डिपार्टमेंट'मध्ये शिकलेले असत. पुतण्याने पत्र घालून फॉर्म मागवला. रसायनशास्त्रात त्याला उत्तम मार्क होते. बाप फॉर्म घेऊन माझ्याकडे आला. "गुरुजी, तुम्ही सांगाल तसं."

मी तेव्हा तेहतीस वर्षांचा. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायचो. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं, तेही ७२ च्या दुष्काळात झालेलं. परीक्षा दिली आणि सुट्टीत रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली. त्यानंतर बी.एड. आणि लगेच नोकरी. महिन्याच्या एक तारखेला घरात पगार येतो म्हणजे काय, हे ज्याने तसं पाहिलंय त्याला लवकर लागणारी नोकरी हेच शिक्षणाचं सार वाटतं. मलाही वाटत होतं.

फॉर्म पाहिला. वर 'डिपार्टमेंट' असं लिहिलेलं. मनात आलं, कॉलेज नाही, इन्स्टिट्यूट नाही, नुसतं डिपार्टमेंट? हे कसलं शिक्षण? आत विषय वाचले. रंग, तेलं, कापड... मी त्याच्या बापाला हसत हसत म्हणालो, "तिकडं गिरण्या बंद पडायल्यात, भाऊ घरी येऊन बसलाय, आणि तुम्ही पोराला कापड रंगवायला शिकायला मुंबईला धाडताय?" बाप हसला. पोरगा हसला नाही. त्याने जिल्ह्यातच बी.एस्सी. केली आणि पुढे कारखान्यात लागला. मी सल्ला देऊन मोकळा झालो. आपण कुणाचं तरी भलं केलं, असंच अनेक वर्षं समजत होतो.

असो. या वेळी मी त्या मुलीला म्हटलं, "बाळ, मला आठ दिवस दे. आधी अभ्यास करतो, मग बोलतो." नातवाला बसवून घेतलं, जे जे सापडेल ते वाचून घेतलं. माझी वही बरीच भरली. तीच आज तुमच्यापुढे ठेवतो.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावरांनी काढली, १८५४ साली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत गिरण्यांचं रान उठलं. कापूस आपला, मजूर आपले, पण रंग मात्र परदेशातून यायचा, मुख्यतः जर्मनीतून. पहिल्या महायुद्धात जर्मन रंग यायचा बंद झाला, तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की आपण कापड विणतो पण ते रंगवण्याचं शास्त्र आपल्याकडे नाही. १९२१ साली मुंबई विद्यापीठाने विश्वेश्वरय्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. होय, तेच कृष्णराजसागर धरणाचे विश्वेश्वरय्या. विद्यापीठाने उद्योगांना उपयोगी पडेल असं तंत्रज्ञान शिकवलं पाहिजे, हा विचार तिथून पुढे सरकत गेला आणि १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला. इंग्रजीत यूडीसीटी. सुरुवातीला विषय दोनच, कापडाचं रसायन आणि केमिकल इंजिनिअरिंग. माटुंग्याच्या आजच्या जागी हा विभाग आला तो १९४३ साली. उद्योगपतींनी देणग्या दिल्या. नंतर तेलं, औषधं, अन्न, रंगलेप, प्लास्टिक अशा शाखा फुटत गेल्या.

तारखांची थोडी तुलना करा. देशातली पहिली आयआयटी खरगपूरला निघाली १९५१ साली. म्हणजे माटुंगा तिच्याही अठरा वर्षं आधीचं. आणि १९३३ साली आपण कुठे होतो? निजामाच्या राज्यात. आमचे वडील उर्दू माध्यमातून चौथी शिकले. उच्च शिक्षणाला हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ, तेही उर्दूतून. मराठवाड्याचं स्वतःचं विद्यापीठ औरंगाबादला निघालं १९५८ साली. तेव्हा माटुंग्याच्या विभागाला पंचवीस वर्षं होऊन गेली होती. मुंबई आणि आमचं गाव यांच्यात चारशे किलोमीटर आहेत, पण खरं अंतर हे पंचवीस वर्षांचं होतं. आणि १९८४ साली माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाच्या डोक्यात ते तसंच्या तसं शिल्लक होतं.

या विभागाचे पहिले प्रमुख इंग्रज होते, डॉ. फोर्स्टर. १९३८ साली त्यांच्या जागी के. वेंकटरामन आले, पहिले भारतीय प्रमुख. कृत्रिम रंगांच्या रसायनावर त्यांनी लिहिलेले ग्रंथ जगभर वापरले गेले. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालकही तेच झाले. म्हणजे 'कापड रंगवायला शिकायचं' म्हणून मी ज्याची थट्टा केली, त्या विषयात आपली माणसं जगाला शिकवत होती!

आणि इतिहासाच्या मास्तरला हे शोभत नाही, कारण मी दरवर्षी वर्गात तेरचा धडा रंगवून सांगायचो. आपलं तेर, म्हणजे जुनं तगर. पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात तगरचं नाव आहे. इथलं कापड, मलमल गाड्यांवर लादून भडोचला जायची आणि तिथून समुद्रापार. दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या तेरणाकाठचं कापड परदेशात जात होतं याचा मला केवढा अभिमान! पण त्याच तेरणाकाठचा एक मुलगा कापडाचं शास्त्र शिकू म्हणाला, तेव्हा मी हसलो.

आता केमिकल इंजिनिअरिंग म्हणजे काय, हे मला कळलं ते सांगतो. नातवाने समजावायचा प्रयत्न केला, पण डोक्यात शिरेना. शेवटी आमचं गुऱ्हाळ आठवलं आणि उजेड पडला.

वडिलांचं गुऱ्हाळ होतं. उसाचा रस काहिलीत घालायचा, खाली चिपाडांचा जाळ. रस तापला की त्यात रानभेंडीचं झाड ठेचून काढलेलं बुळबुळीत पाणी घालायचं. मग सगळी मळी वर येते, ती झाऱ्याने काढायची. थोडा चुना. मग आटवत आटवत पाक बरोबर तयार झाला की काहील उतरवायची. एक साल ऊस जास्त झाला म्हणून वडिलांनी मोठी काहील आणली. हिशोब सरळ, दुप्पट मापाची काहील, दुप्पट जाळ. गूळ बिघडला. काळा आणि चिकट. वडील म्हणाले, नजर लागली.

नजर नव्हती लागली. भांडं लांबी, रुंदी, उंची अशा सगळ्या बाजूंनी दुप्पट केलं तर तळ चौपट होतो, पण आत मावणारा रस आठपट होतो. म्हणजे रसाच्या मानाने उष्णता आत शिरायला जागा निम्मीच राहते. रस उकळायला वेळ लागतो, तोवर साखर करपते. चंचुपात्रात जे जमतं ते हजार लिटरच्या भांड्यात आपोआप जमत नाही. लहानाचं मोठं कसं करायचं याचं वेगळं शास्त्र आहे, आणि माटुंग्याला शिकवतात ते हे. औषधाचा रेणू प्रयोगशाळेत सापडतो. पण त्याची गोळी आपल्या गावातल्या दुकानात परवडेल अशा किमतीला मिळते, कारण मधलं काम कुणीतरी केलेलं असतं. हे मधलं काम करणाऱ्यांची मोठी फौज या एका संस्थेने घडवली. डॉ. रेड्डीज ही औषध कंपनी काढणारे अंजी रेड्डी तिथले, घरडा केमिकल्सचे केकी घरडा तिथले, मुकेश अंबानीही तिथलेच पदवीधर. गिरण्या बंद पडल्या, हे माझं म्हणणं खरंच ठरलं. पण त्या विभागाचं लक्ष गिरण्यांच्या पलीकडे केव्हाच गेलं होतं, ते मला ठाऊक नव्हतं.

तिथले एक प्राध्यापक म्हणजे मनमोहन शर्मा. मूळचे जोधपूरचे, शिकले माटुंग्याला, डॉक्टरेट केंब्रिजची. तिकडे राहू शकले असते. १९६४ साली परत येऊन त्याच विभागात प्राध्यापक झाले, वय सत्तावीस. लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झालेले ते पहिले भारतीय इंजिनिअर, १९९० साली. त्यांचा अभ्यासाचा विषय वाचला आणि वही खाली ठेवली. वायू द्रवातून जाताना त्यात किती, कसा आणि किती वेगाने मिसळतो, हा तो विषय. साखर कारखान्यात उसाचा रस स्वच्छ करायला त्यात चुना घालतात आणि गंधक जाळून त्याचा वायू सोडतात. माझा विद्यार्थी प्रत्येक हंगामात त्याच रसाचे नमुने तपासत होता. वायू रसात कसा मिसळतो, याच प्रश्नापाशी तो रोज उभा होता. फक्त ज्या खोलीत त्याचं उत्तर शिकवत होते, तिच्यापर्यंत मी त्याला जाऊ दिलं नाही.

शर्मा सरांच्या हाताखाली १९६९ साली डॉक्टरेट केलेलं एक नाव तुम्हां सगळ्यांना माहीत आहे, रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेलचा जन्म, लहानपणीच वडील गेले, आईने कष्ट करून वाढवलं. शिक्षण गिरगावात, मराठी माध्यमात. पैशाअभावी मॅट्रिकनंतर शिक्षण थांबायची वेळ आली, तेव्हा टाटा ट्रस्टची महिना ६० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. हळदीचं अमेरिकन पेटंट १९९७ साली रद्द करून घेतलं गेलं, तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख हेच होते. माशेलकर आपल्या शाळेतल्या भावे सरांची आठवण नेहमी सांगतात. सरांनी उन्हात भिंग धरून कागद जाळून दाखवला आणि मन एकाग्र केलं तर काय होतं ते समजावलं. ही आठवण मी स्वतः शाळेत परिपाठाला कितीदा तरी सांगितली आहे. मुलं टाळ्या वाजवायची. मी मात्र कधी स्वतःला विचारलं नाही की आपल्याकडे असा एक मुलगा आला होता, तेव्हा आपण भिंग धरलं की उन्हाच्या आड उभे राहिलो?

आता पुढचं थोडक्यात. २००२ साली या विभागाला स्वायत्तता मिळून 'इन्स्टिट्यूट' हे नाव आलं. १२ सप्टेंबर २००८ रोजी ती अभिमत विद्यापीठ झाली, तीच आजची आयसीटी. पहिले कुलगुरू गणपती यादव हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले. आपल्या धाराशिवच्या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्यामुळे आमच्या शेजाऱ्यांना वाटलं की आयसीटीही तसलीच. फरक असा की लोणेऱ्याचं विद्यापीठ स्वतःच्या वर्गांबरोबर राज्यातल्या अनेक कॉलेजांच्या परीक्षाही सांभाळतं. आयसीटीचा अभ्यासक्रम, परीक्षा, पदवी सगळं आपल्या चार भिंतींतल्या मुलांपुरतं, आणि संशोधन हे तिथं शिकवण्याइतकंच मोठं काम. आणि मुख्य बातमी म्हणजे २०१८ साली तिने मराठवाड्यात जालन्याला आपला परिसर सुरू केला. पाच वर्षांचा सलग एम.टेक., मध्ये मध्ये कारखान्यात प्रत्यक्ष काम. ८५ वर्षं लागली, पण माटुंगा आपल्या दारात आलं.

आठ दिवसांनी मी काठी घेऊन त्यांच्या घरी गेलो. वही काढली आणि मुलीला हे सगळं वाचून दाखवलं. मी म्हटलं, "मी जा म्हणणार नाही आणि जाऊ नको असंही म्हणणार नाही. माहीत नसताना सल्ला द्यायची चूक एकदा झाली आहे." तिने विचारलं, "कारखान्यात ट्रेनिंगला मुलींनाही पाठवतात ना? राहायची सोय कशी असते?" वहीत याचं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "हे मला नको विचारू. एस.टी.ने जालन्याला जाऊन या. तिथं शिकणाऱ्या मुलींना विचार. त्या खरं सांगतील."

ती आत गेल्यावर मी तिच्या वडिलांना म्हणालो, "१९८४ साली माझं चुकलं." एवढंच. जास्त बोलता आलं नाही.

मला वाटलं होतं, तो म्हणेल, "जाऊ द्या की गुरुजी." आपल्याकडे असंच म्हणतात. तो तसं म्हणाला नाही. थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "एका हंगामात आमच्या कारखान्यात एक तरुण इंजिनिअर आला होता, माटुंग्याचा. साखरेला रंग चढत होता म्हणून बोलावला होता त्याला. त्यानं अर्ध्या तासात फळ्यावर जे काढून दाखवलं ना गुरुजी, ते मला पंधरा वर्षं दिसत होतं. दिसत होतं, पण सांगता येत नव्हतं. त्या रात्री झोप आली नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्हाला वाईट वाटावं म्हणून सांगत नाही. तुम्ही विषय काढलात म्हणून सांगितलं."

यावर काय बोलणार? मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि घरी आलो. मंडळी, शाळेतून निवृत्त होताना सत्काराच्या भाषणांत माझ्या हाताखालून गेलेल्या डॉक्टर-इंजिनिअरांची यादी वाचली होती. जे माझ्यामुळे गेले नाहीत त्यांची यादी कुणी वाचत नाही. ती ज्याची त्याने करायची असते. माझ्या यादीत एक नाव नक्की आहे. आणखी किती असतील, ते आठवतो आहे.

ती मुलगी जालन्याला गेली. बापलेक आधी जाऊन पाहून आले, मग तिनेच ठरवलं. दिवाळीनंतर एकदा तिचा फोन आला. "गुरुजी, तुमच्या गुऱ्हाळात एका काहिलीला रानभेंडी किती घालायचे हो?" मी म्हटलं, "वडील मुठीच्या अंदाजानं घालायचे. रसाचा रंग बघून." ती म्हणाली, "मूठ म्हणजे किती ग्रॅम?"

आता गावातल्या एका जुन्या गुळव्याकडे जायचं ठरवलंय. जाताना नातवाचा छोटा वजनकाटा घेऊन जाईन म्हणतो.